रेंज नसलेल्या रानातून ई-मेल

शुक्रवार, बेळगाव

भाच्याकडून वेळा पाठ करून घेतल्या. सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी पाच, रात्री आठ. या वेळांना त्यानं बेळगावातच, शहापुरातल्या गच्चीवरच्या खोलीत रेडिओ सेट लावून बसायचं. फ्रिक्वेन्सी ७.१ मेगाहर्ट्झच्या आसपासची ठरलेली. बोलायचं काहीच नाही. आमच्या लॅपटॉपनं रानातून हाक दिली की त्याच्या लॅपटॉपनं ओळखायचं, आमची पत्रं उतरवून घ्यायची आणि त्याच्याकडची आम्हाला द्यायची.

"मामा, मग मी कशाला पायजे? मशीनच करतंय की सगळं."

"परवाना मशीनच्या नावावर नाही बाबा, तुझ्या नावावर आहे."

हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना दिल्लीहून, दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून येतो. परीक्षा द्यावी लागते. माझा जुना आहे, भाच्याचा नवा. दोन परवानेधारकांनी आपसात साधं घरगुती नाहीतर तांत्रिक बोललं तर चालतं, आणि ते बोलणं टाइप करून, दाबून, सुरांत बदलून पाठवलं तरी चालतं. रेडिओवरची ई-मेल म्हणजे एवढंच. लॅपटॉप मजकुराचे सूर करतो, सेट ते आकाशात सोडतो, पलीकडचा सेट ऐकतो आणि एखादा तुकडा गळाला तर "पुन्हा पाठव" म्हणतो. सगळे तुकडे पोचल्याशिवाय निरोप पोचला असं धरतच नाहीत. मध्ये टॉवर नाही, केबल नाही, कंपनी नाही.

जायचं होतं खानापूर तालुक्याच्या पश्चिम अंगाला, भीमगड अभयारण्यात. अभयारण्य २०११ साली जाहीर झालं, आतल्या वस्त्या त्याच्या कित्येक पिढ्या आधीच्या. पावसाळ्यात तिथं ओढे वाट अडवतात, वीज जाते आणि फोन मुका होतो. तिथून दिवसातून काही वेळा बेळगावला नक्की मजकूर पोचतो का, ते बघायचं होतं. वनखात्याची परवानगी खिशात, गाडी भाऊजींची. भाऊजींना रेडिओत काडीचा रस नाही, पण रानातली प्रत्येक वाट ठाऊक. असा माणूस बरोबर हवाच.

शनिवार, कोंगळा

खानापुरात चहा घेऊन नेरशाच्या रस्त्याला लागलो. नेरसा ओलांडलं की भांडुरा नाला. कळसा-भांडुरा म्हणून ज्याचं नाव दोन राज्यांच्या पाण्याच्या भांडणात सतत पेपरात असतं तो हाच, आणि या दिवसांत दिसायला अगदी गरीब. पुढं रस्ता संपून गाडीवाट सुरू होते. सुगीचे दिवस. भात कापून पडलेलं, खळ्यांवर मळणी चाललेली, हवेत ओल्या पेंढ्याचा वास.

कोंगळ्यात पोचल्यावर आधी खिशातला लहान व्हीएचएफ सेट काढून बघितला. अपेक्षेप्रमाणे खरखर. या लहरी दिसेल तिथवरच जातात, आणि इथून दिसतो तो समोरचा डोंगर. वनखात्याच्या लोकांकडेही वॉकी असतात. तेही सांगतात की खाली उतरलं की बोलणं तुटतं. म्हणून आम्ही आणली होती साधी तार. ६६ फूट, मधोमध तोडून दोन सारखे भाग केलेले, मधल्या जोडातून केबल खाली सेटकडे. दोरी झाडावर टाकून तार उंच ओढायची, खिळा मारायचा नाही, ही परवानगीतली अट. हॅम मंडळींना अँटिना उंच नेण्याचं वेड असतं, पण मी ती मुद्दाम पंधरा फुटांवरच ठेवली. ते बघून एका पोरानं स्पष्टच विचारलं, "काका, एवढ्या खाली बांधून बेळगावला कसं जाईल?"

प्रश्न अगदी योग्य. तार जमिनीजवळ असली की लहरी आडव्या न जाता जवळजवळ सरळ वर जातात. अडीच-तीनशे किलोमीटर उंचीवर आयनोस्फिअरचा, म्हणजे विद्युतभारित हवेचा, थर असतो, तिथून त्या परततात. परसात नळीचं पाणी सरळ छपराला मारलं की खाली चहूबाजूंना पडतं, तसं. मध्ये डोंगर असला काय, दरी असली काय, वरून येणाऱ्याला त्याचं काय! तीन-चारशे किलोमीटरच्या घेरात सगळीकडे सारखं पडतं. बेळगाव तर हाकेच्या अंतरावर. पोराला ते पटलं की नाही कोण जाणे, पण दोरी ओढायला तो शेवटपर्यंत होता.

बाराची वेळ ढिली गेली. भर दुपारी आयनोस्फिअरचा खालचा थर लहरी शोषून घेतो, त्यात आमचा सेट वीस वॅटचा. हाक पोचली, उत्तरही आलं, पण तुकडे गळत होते आणि दोन ओळींच्या निरोपाला कंटाळा येईल इतका वेळ लागला. पाचच्या वेळेला मात्र आकाश दुसरंच होतं. लॅपटॉपनं हाक दिली, सेकंदभरात शहापूरनं ओ दिली, पट्टी हिरवी झाली आणि सरसर निरोप गेला. परतीच्या टपालात भाच्याचा मजकूर आला: आई विचारत्ये, जेवणाचं काय.

बघायला निम्मं गाव जमलेलं. इथवर गंमत होती. मग एक आज्जी पुढं आल्या आणि म्हणाल्या, "माझ्या लेकाला लिव्ह की. म्हापशाला आहे, हॉटेलात. म्हणावं, भात घरात आलं, तू येऊ नको आता, आम्ही मळतो."

इथं मला नाही म्हणावं लागलं, आणि सगळ्या प्रवासात मला सर्वांत बोचलेली गोष्ट ती हीच. हॅम परवान्यावर तिसऱ्या माणसाचा निरोप नेता येत नाही. आपत्ती आली तर गोष्ट वेगळी, एरवी नाही. नियम अगदीच खुळा नाही. हॅमना फ्रिक्वेन्सी फुकट मिळते ती शिकायला आणि प्रयोगाला. तिच्यावर टपालाचा धंदा उघडू नये म्हणून कुंपण घातलेलं आहे. मजकूर गुप्त लिपीत पाठवायचा नाही हाही नियम त्याच कुंपणातला, म्हणजे आज्जींचा निरोप गेला असता तरी मलेशियातला कुणीही रिकामटेकडा तो वाचू शकला असता. हे सगळं आज्जींना कसं सांगणार? "सरकारची परवानगी नाही" एवढंच सांगितलं. आज्जींनी मान हलवली. रानात राहणाऱ्यांना हे वाक्य नवं नसतं.

मग मी एक केलं. पाठवायचे नाहीत असं सांगूनच, कुणाला काय पाठवावंसं वाटतं ते वहीत लिहून घेतलं. वाटलं होतं, आजारपणाच्या गोष्टी निघतील. त्या निघाल्याच, पण त्याहून जास्त निघाल्या साध्या चौकश्या. रेशन आलंय का, का उगीच चालत जायचं? आज साहेब बसणार आहेत का? उताऱ्यावरचं नाव दुरुस्त झालं का? एसटी नेरशापर्यंत तरी येतेय का? पोरीच्या शाळेला उद्या सुट्टी आहे का? (कर्नाटकाच्या बसलाही इथं सगळे एसटीच म्हणतात.) एकही निरोप दोन ओळींच्या वर नव्हता आणि एकालाही तासाभरात उत्तर नको होतं. उद्यापर्यंत चालेल, असं जवळजवळ प्रत्येकानं आपणहून सांगितलं.

वेग नसण्याची आम्हा शहरातल्यांना जितकी लाज वाटते, तितकी इथं कुणालाच वाटत नव्हती. रेडिओ ई-मेलला नावं ठेवणारे नेहमी वेगावर बोट ठेवतात: फोटो जात नाहीत, व्हिडिओचा तर प्रश्नच नाही, एका पत्राला मिनिट-दोन मिनिटं. ठेवोत बापडे. या वहीतलं काहीही तेवढ्यात आरामात मावतं.

रविवार, गवाळी, पास्टोली

पहाटे पाचला उगीच सेट लावला. बेळगाव गायब. भाचा झोपला होता हे खरं, पण तो जागा असता तरी ऐकू आला नसता. रात्री वरचा थर विरळ होत जातो आणि पहाटेपर्यंत इतका अशक्त होतो की सरळ वर गेलेली लहर परतत नाही, निसटून जाते. तिरप्या लहरी मात्र परततात, दूर कुठेतरी. म्हणून चाळीस किलोमीटरवरचं घर मुकं, आणि इंडोनेशियातले गडी शेजारच्या खोलीत बसल्यासारखे गप्पा मारताहेत. यावर उपाय आहे. पहाटेसाठी खाली, ३.५ मेगाहर्ट्झवर यायचं. पण त्याला दुप्पट लांबीची तार लागते, आणि ती आम्ही आणली नव्हती. सातला सूर्य वर आला तसं शहापूर परत आलं.

गवाळीला चालत गेलो. वाटेत अस्वलाची विष्ठा. भाऊजींनी ती काठीनं उसकून किती ताजी आहे ते सांगितलं आणि मग मोठ्यानं गाणं म्हणत चालू लागले. इथं रानात गवा दिसला तर थांबायचं आणि अस्वल असेल तिथं आवाज करायचा, हे पोरंही सांगतात.

गवाळीतला दिवस देवनागरीत गेला. वहीतले निरोप मी टाइप करून पाहत होतो, पाठवायला नाही, मोजायला. आमचा ई-मेल प्रोग्रॅम इंग्रजीच्या काळातला. सरळ मजकुरात मराठी लिहिलं की पलीकडे प्रश्नचिन्हांची रांग पोचते. तोच मजकूर वेगळ्या फाईलमध्ये जोडला की नीट जातो. पण वजन! इंग्रजी अक्षराला एक बाइट, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना वेगळा, वेलांटी वेगळी, जोडाक्षर असेल तर पाय मोडायचे आणखी तीन. "भात घरात आलं" एवढं म्हणायला बत्तीस बाइट. रेडिओवर बाइट म्हणजे बॅटरी. नशीब असं की पाठवण्याआधी प्रोग्रॅम मजकूर दाबून बसवतो आणि देवनागरीत तेच ते बाइट पुन्हा पुन्हा येत असल्यानं ती चांगली दबते. सकाळच्या सातच्या आणि दुपारच्या बाराच्या वेळेला मी स्वतःचा असा बराच मोठा मजकूर भाच्याला पाठवला, इंग्रजीतला आणि मराठीतला. वेळेत फरक पडला, पण अडून बसावं इतका नाही.

पास्टोलीला उभ्याउभ्या जाऊन आलो. नाचणीची भाकरी आणि कुळथाचं सार मिळालं. रेडिओ पिशवीतून काढलाच नाही.

सोमवार, आमगाव

कोंगळ्याहून माघारी खानापूर, तिथून जांबोटी, मग चिखले आणि पुढं आमगाव. नकाशात दोन्ही गावं एकाच रानात शेजारी दिसतात. गाडीनं अख्खी फेरी पडते. कर्नाटकात सर्वांत जास्त पाऊस पडणाऱ्या गावांत आमगावचं नाव असतं. पावसात इथून आजारी माणूस काढायचा म्हणजे बांबूला घोंगडी बांधून खांद्यावर, चिखलातून, रानातून. ही आठवण सांगणारी माणसं प्रत्येक घरात भेटतात. कोण गेलं, कोण वाचलं, कुणी खांदा दिला, सगळं तारीखवार.

इथं गावातल्या आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंशी बसून बोललो. त्यांचं म्हणणं सगळ्यांत नेमकं होतं. "डॉक्टरनी इथं यावं असं मी म्हणतच नाही. पण आम्ही निघालोय एवढं खाली कळलं, तर चिखल्याला गाडी उभी राहील. आम्ही तिथं पोचायचं, मग कुणीतरी रेंजमध्ये जाऊन फोन लावायचा, मग गाडी निघायची. त्यात वेळ जातो."

म्हणजे निरोप माणसाच्या पुढं धावायला हवा. बस्स.

रात्री शेकोटीजवळ बसून ॲमेझॉनची गोष्ट सांगितली, कारण पंचांनी विचारलं की असलं कुठं चालतं का. चालतं. ऱ्हिझोमॅटिका नावाची संस्था ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या वस्त्यांत हर्मिस नावाची यंत्रणा चालवते. वस्तीत एक शॉर्टवेव्ह सेट, सोलरवर चालणारा. त्याच्याभोवती वायफाय. लोक आपल्या साध्या मोबाइलवर निरोप लिहितात, सेट तो साठवून ठेवतो आणि ठरल्या वेळी दूरच्या मोठ्या स्टेशनकडे देतो; तिथून पुढं नेहमीची ई-मेल. त्यांचा सेट ज्या रचनेवरून निघाला ती आहे हैदराबादच्या अश्हर फरहान यांची. हेच ते फरहान, ज्यांच्या बिटएक्स नावाच्या, घरी जुळवायच्या रेडिओ किटवर माझ्यासारख्या कितीतरी भारतीय हॅमनी पहिल्यांदा सोल्डरिंगनं बोटं भाजून घेतली. आपल्या शेजारच्या राज्यातला सेट ब्राझीलच्या रानात टपाल नेतो आणि भीमगडात नाही, हे ऐकून पंच म्हणाले, "मग त्येनी परवानगी कुणाकडनं घेतली?" या माणसाला दिल्लीत पाठवायला पाहिजे.

त्याआधीही हे झालंय. पश्चिम आफ्रिकेत गिनीमध्ये निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संस्थेनं २००० नंतरच्या पहिल्या वर्षांत लांबच्या कचेऱ्या अशाच शॉर्टवेव्ह ई-मेलनं जोडल्या होत्या. हर्मिस काय, गिनी काय, दोघांच्या पोटात यूयूसीपी नावाची १९७० च्या दशकातली पद्धत: साठव, जोडणी झाली की दे, तुटली तर नंतर दे. आपल्याकडे कर्नाटकातच, दोड्डबळ्ळापूर तालुक्यात, वीसेक वर्षांपूर्वी बसवर वायफायचं यंत्र बसवून 'भूमी' या सरकारी नोंदयोजनेतले जमिनीचे कागद गावोगाव नेण्याचा डाकनेट नावाचा प्रयोग झाला होता. बस गावात थांबली की कागद उतरायचे. आमगावला तो प्रयोग फारसा कामाचा नाही, कारण त्याला आधी बस लागते.

सॅटेलाइट फोनचं कुणीतरी काढलंच. ते या देशात परवानगीशिवाय जवळ बाळगले तर पोलीस केस होते. विषय तिथंच संपला.

आठची वेळ आमगावातून उत्तम लागली. सूर्याचे डाग भरात असलेली ही वर्षं. वरचा थर संध्याकाळनंतरही बराच वेळ दमात राहतो. डाग ओसरले की आठची वेळ सहावर आणावी लागेल आणि ती दुप्पट लांबीची तार कायमची टांगावी लागेल. पावसाळ्याआधीच्या विजांच्या दिवसांत कडकडाटानं कान किटतील ते वेगळंच. हे सगळं वहीत लिहिलं, कारण डिसेंबरात लागलं म्हणजे जूनमध्ये लागेल असं मानणारा माणूस आमगावात कुणालाच उपयोगी नाही.

मंगळवार, कणकुंबी, मग खानापूर

कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम. तिकडे देगावच्या रानात म्हादई उगवते नि गोव्याला जाते. इथली मलप्रभा पूर्वेला वळून कृष्णेला मिळते. हात जोडून निघालो. रेंज आहे, त्यामुळं माझं इथं काहीच काम नव्हतं.

खानापुरात मात्र दुपारभर बसलो. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले एक ओळखीचे काका आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हॅम परवान्याचा नाद सोड म्हणाले. "तुझा परवाना तुझ्या हौसेचा. गावाचं टपाल त्याच्यावर न्यायचं म्हणजे कुणाच्या तरी डोळ्यावर येणार. खात्यानं नाहीतर पंचायतीनं स्वतःच्या नावावर फ्रिक्वेन्सी मागायची. पोलीस, जंगलखातं, वीज मंडळ, सगळे घेतात. आरोग्यखात्यानं मागितली तर नाही कशाला म्हणतील?" खर्चाचंही त्यांनी पाठकोऱ्या कागदावर मांडलं: दोन सेट, दोन बॅटऱ्या, सोलर पॅनेल, तार. एका टॉवरच्या पायाभरणीत हे सगळं बसतं, असा त्यांचा अंदाज. मला तो पटतो.

टॉवर येणारच नाहीत असं नाही. फोर-जी न पोचलेल्या २४,६८० गावांसाठी २०२२ साली केंद्रानं मोठी योजना मंजूर केली आहे. पण टॉवर आला तरी त्याला वीज लागणार, केबल लागणार, आणि आषाढात ती किती दिवस टिकते हे आमगावला विचारा. तारेला टॉवरशी स्पर्धा करायचीच नाही. टॉवर पडेल त्या आठवड्यापुरती ती झाडावर असली म्हणजे झालं.

अर्जाचा मसुदा तिथंच करायला घेतला. कन्नडमधला भाग काकांनी सांगितला, कारण तो कन्नडमध्ये गेल्याशिवाय टेबलावरून हलणार नाही हे दोघांनाही माहीत. स्टेशन आमगावात आशाताईंच्या ताब्यात, दुसरं तालुक्याला. वेळा, फ्रिक्वेन्सीची मागणी, निरोपाची लांबी, सगळं भरत गेलो आणि एका रकान्याशी अडलो: दुसऱ्या टोकाला जबाबदार व्यक्ती. सेट कुठंही ठेवता येईल. पण सकाळी सातला आलेला "निघालो, बाळंतीण आहे" हा निरोप वाचून गाडी कोण पाठवणार? दवाखान्यातली रात्रपाळीची नर्स? १०८ ची गाडी चालवणारा? तहसीलदार कचेरीतला पावसाळी कक्ष, जो ऑक्टोबरात बंद होतो? काकांनी वीज मंडळाच्या सबस्टेशनचं नाव सुचवलं. तिथं चोवीस तास माणूस असतो आणि नोंदवहीत दर तासाला लिहायची त्याला सवय असते. हे मला कधी सुचलं नसतं.

संध्याकाळी आशाताईंची मुलगी भेटायला आली. बारावी सायन्सला आहे, खानापुरात मावशीकडे राहते. आईनं फोनवर सांगितलं होतं, चिखल्यापर्यंत येऊन. तिला हॅमच्या परीक्षेची माहिती हवी होती. खालच्या श्रेणीला मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची लिपी, लागत नाही हे सांगितलं, नियम आणि थोडं इलेक्ट्रॉनिक्स, बारावीच्या मुलीला जड नाही. आमगावात तिच्या नावाचा परवाना झाला तर निदान तिचे स्वतःचे निरोप तरी कायद्यानं जातील, आणि आपत्तीच्या दिवशी सगळ्या गावाचे. तिनं ते शांतपणे ऐकलं, मग विचारलं, "सबस्टेशनला रात्री जो माणूस असतो, त्यालाबी परीक्षा द्यावी लागंल काय?"

काकांनी मसुदा परत पुढं ओढला आणि चष्मा लावला.